वाण नाही, पण गुण लागला

‘कमला कोन आहे जी?’ मामाने फोनवर विचारलं आणि पलीकडून येणारा मामीच्या भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

मामा भंडारा जिल्ह्यात पाच एकर धान करतो. गावातल्या कृषी सेवा केंद्रवाल्याने त्याच्या कानावर घातलं होतं, की कमला येऊन राहिली आहे. वीस दिवस आधी निघते, १९ टक्के जास्त देते, पाणी कमी पिते आणि हाताला एकदम बारीक आहे. एवढं वर्णन अर्धवट ऐकल्यावर मामीने भांडी खाली ठेवली, यात त्या माउलीचा काहीही दोष नाही.

मी घाईघाईने खुलासा केला. कमला हा भाताचा वाण आहे. ४ मे २०२५ रोजी दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक-संपादन केलेले देशातले पहिले दोन भातवाण जाहीर केले. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने सांबा मसुरीवरून केलेला ‘डीआरआर धान १००’ ऊर्फ कमला, आणि दिल्लीच्या पुसा संस्थेने एमटीयू १०१० वरून केलेला ‘पुसा डीएसटी राईस १’. एकीचं नाव आत्याबाईंचं, दुसऱ्याचं एसटीच्या फलाटावरच्या पाटीसारखं. शिफारस केलेल्या राज्यांच्या यादीत कमलेपुढे महाराष्ट्राचंही नाव आहे, म्हणून कृषी सेवा केंद्रापर्यंत तिची वार्ता बियाण्याच्या आधी पोचली.

भांडी पुन्हा वाजायला लागली.

हे तंत्र आपल्याकडे फार जुनं आहे, असं कुणी व्यासपीठावरून सांगण्याआधी मीच सांगून टाकतो. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ वाण जसाच्या तसा राहिला पाहिजे आणि गुण तेवढा लागला पाहिजे. जनुक-संपादनाची याहून नेमकी व्याख्या मला एकाही अहवालात सापडली नाही. फक्त म्हणीतला गुण हमखास वाईट असतो आणि माहितीपत्रकातला हमखास चांगला. शिवाय पवळ्याला एकच गुण लागला की एकदम तीन लागले, आणि ते तिघं आपसात भांडले तर गोठ्यात काय होतं, हे म्हण सांगत नाही. माहितीपत्रक तर नाहीच नाही.

आणि हल्ली एका गुणावर कुणाचं भागत नाही. उत्पादन हवं, दुष्काळ सोसायला हवा, खारं पाणी पचायला हवं, करपा लागू नये, दाणा लांब हवा, साखर न वाढवणारा हवा, आणि जमल्यास वासही यावा. शनिवारच्या पेपरातल्या ‘वधू पाहिजे’च्या जाहिराती छापून कंटाळलेला माणूस कृषी खात्यात बदलून गेला असावा, अशी ही यादी.

संपादन म्हणजे काय, हे मला शास्त्रज्ञांपेक्षा थोडं जास्त कळतं. ते माझ्यावर दर बुधवारी होतं. बीटी कापसात जिवाणूचं जनुक बाहेरून आणून बसवलं आहे. म्हणजे माझ्या लेखात दुसऱ्याच्या लेखातला परिच्छेद चिकटवला. कमलेत तसं काही नाही. तिच्यात जे होतं, त्यातलंच एक जनुक बंद पाडलं आहे. म्हणजे माझ्याच लेखातला एक शब्द कापला. इथवर कुणालाही सोपं वाटेल. पण ज्याच्यावर कात्री चालली आहे त्यालाच ठाऊक असतं, की दुसऱ्या परिच्छेदातला एक ‘मात्र’ उडवला की सातव्या परिच्छेदातला विनोद मरतो. संपादक म्हणतात, ‘सातव्याला तर मी हातही लावला नाही.’ खरंच लावलेला नसतो. तरी विनोद मेलेला असतो.

या कात्रीचं, म्हणजे क्रिस्परचं, माहेर दह्याच्या भांड्यात आहे. विरजणातल्या जिवाणूंना विषाणू लागले की दह्याच्या कारखान्याची अख्खी टाकी वाया जाते. डॅनिस्को या विरजण विकणाऱ्या कंपनीतल्या रोडोल्फ बारांगू आणि फिलिप होरवाथ यांनी २००७ साली दाखवलं, की काही जिवाणू हल्ला करणाऱ्या विषाणूचा एक तुकडा आपल्या वहीत चिकटवून ठेवतात आणि तोच पुन्हा आला की ओळखून कापतात. पुढे २०१२ साली एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी ही कात्री आपल्याला हवी तिथे चालवायची युक्ती मांडली, ती घसा धरणाऱ्या एका जिवाणूचं पातं घेऊन. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आमच्या आजीने साठ वर्षं विरजण लावलं आणि नासलं की दूधवाल्याला शिव्या दिल्या. विषाणूवर संशय घ्यायचं तिला सुचलं नाही.

कात्री स्वस्त झाली, चपळ झाली. एका वेळी दोन, चार, दहा ठिकाणी चालवता येऊ लागली. आता खरी गंमत सुरू होते, आणि तिच्यासाठी घरातला एक टोमॅटो हातात घ्या. देठासकट असलेला घ्या.

देठावर मधोमध एक गाठ दिसेल, बोटाच्या पेरासारखी. तिथे जरा वाकवलं की टक्‌कन तुटतं. पिकलेलं फळ झाडाने सोडावं म्हणून निसर्गाने तिथे सांधा ठेवला आहे. नारायणगावकडे तोडणीला आलेल्या बाईला हा सांधा सोयीचा. बोटाने दाबलं की काम झालं. पण अमेरिकेत सॉसचा टोमॅटो यंत्र तोडतं, आणि यंत्राला बोटं नसतात. सांध्याशी तुटलेल्या देठाचा तुकडा फळाला तसाच राहतो आणि ट्रकमध्ये शेजारच्या टोमॅटोच्या पोटात घुसतो. म्हणून तिकडच्या लोकांना बिनसांध्याचा टोमॅटो हवा होता.

तो सापडला गॅलापागोस बेटांवर. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचे चार्ल्स रिक यांनी तिथला रानटी टोमॅटो आणला. या बेटावरच्या टोमॅटोचं बी मोठं हट्टी. काही केल्या उगवेना. रिक यांनी विचार केला, की तिथे हे फळ खातं कोण? मग त्यांनी ते बी तिथल्या महाकाय कासवांना खाऊ घातलं आणि वाट पाहत बसले. कासवाचं पचनही कासवाच्याच गतीने चालतं. बी यथावकाश बाहेर आलं, रिक यांनी ते निवडून पेरलं आणि ते उगवलं. १९६१ साली त्यांनी यावर रीतसर शोधनिबंध लिहिला. मला या माणसाबद्दल अपार आदर आहे. कासवामागे परात घेऊन बसण्याची तयारी असलेला माणूस विज्ञानातच काय, राजकारणातही दुर्मीळ.

बिनसांध्याचा गुण मग लागवडीच्या टोमॅटोत संकराने आणला. काही झाडांना तो छान मानवला. काही झाडं मात्र चक्रावली. फुलांच्या देठाला फांदी, त्या फांदीला आणखी फांदी, लग्नाच्या मांडवासारखा फुलोरा आणि फळ औषधापुरतं. बीजपैदासकारांनी कपाळावर हात मारला. कारण पुढची कित्येक वर्षं कळलं नाही.

ते २०१७ साली कळलं. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतले झकरी लिपमन आणि त्यांचे सहकारी यांनी भांडणाचं मूळ शोधून काढलं. टोमॅटो माणसाळवताना फार जुन्या काळच्या शेतकऱ्यांनी नकळत आणखी एक गुण उचलला होता: टोमॅटोच्या डोक्यावर ती हिरवी चांदणी असते ना, तिची पानं मोठी करणारा. एकटा हा गुण निरुपद्रवी. एकटा बिनसांध्याचाही निरुपद्रवी. एक भाऊ पुण्यात आणि एक नागपुरात नोकरीला असेपर्यंत राम-लक्ष्मण असतात. वडिलांच्या सातबाऱ्यावर दोघांची नावं एकत्र चढली की फांदीला फांदी फुटते. दोन्ही जनुकं एकाच घराण्यातली होती आणि फुलोऱ्याला आवर घालण्याचं काम वाटून करत होती. एक दुबळं झालं तर दुसरं सांभाळून घेई. दोन्ही दुबळी झाल्यावर आवरणारं कुणी उरलं नाही.

याहून रंगतदार भाग २०१९ साली बाहेर आला. ज्या पैदासकारांना बिनसांध्याचा टोमॅटो जमला होता त्यांनी केलं तरी काय होतं? जनुक त्यांनी पाहिलेलं नव्हतं. नुसत्या नजरेने, ‘हे झाड बरं, ते टाका’ करत करत त्यांनी अशी झाडं उचलली होती, की ज्यांत त्या दुबळ्या जनुकाच्या दोन प्रती पडलेल्या होत्या. दोन दुबळे मिळून एकाचं काम होत होतं. शेतात वाकून झाडं निवडणाऱ्या माणसाने गणित आधीच सोडवून ठेवलेलं, प्रयोगशाळेने अर्ध्या शतकानंतर त्याची रीत लिहिली. लिपमन यांच्या गटाने कात्री वापरून या जनुकांच्या मात्रा कमी-जास्त केल्या, थोडीच फांदी फुटेल आणि फळ वाढेल इतपत. संपूर्ण बंदही नाही, संपूर्ण चालूही नाही. आपल्याकडच्या नळासारखं.

सगळीच लग्नं मोडतात असं नाही. २०१८ साली ब्राझील, अमेरिका आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी एका रानटी टोमॅटोवर एकदम सहा ठिकाणी कात्री चालवली. रानटी झाडाच्या मानाने फळ तिप्पट मोठं झालं आणि संख्येने दहापट लागलं. लिपमन यांच्याच गटाने तीन जनुकं बदलून पुष्पगुच्छासारखा टोमॅटो केला, चाळीस दिवसांच्या आत तोडणीला येणारा; उंच इमारतीत लावा, नाहीतर अवकाशयानात. त्या सहा जागांच्या यशाबद्दल मात्र एक गोष्ट सांगायची राहते. कुठल्या सहा कुलपांना किल्ली लावायची, हे हजारो वर्षांच्या शेतीने दाखवून ठेवलेलं होतं. चोरवाट माहीत असलेल्या वाड्यात शिरणं सोपं असतं.

मोहरीचं प्रकरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण फोडणी. मोहरी चावली की नाकात जो झणका चढतो, तो दोन वेगळ्या डब्यांत ठेवलेल्या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे. एक रसायन आणि ते फोडणारं विकर. अमेरिकेतल्या पेअरवाइज या कंपनीने मोहरीतल्या या विकराच्या जनुकाच्या सतराच्या सतरा प्रती बंद केल्या आणि २०२३ साली झणका काढलेली मोहरीची पानं सॅलडसाठी बाजारात आणली. सतरा ठिकाणी एकदम संपादन ही कारागिरी थक्क करणारी आहे, यात वाद नाही. पण इतकी कारागिरी कशासाठी, तर मोहरी मोहरीसारखी लागू नये म्हणून. उद्या कुणी ठेच्यातली मिरची काढून त्याचं पेटंट घेतलं तर मला नवल वाटणार नाही.

त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकविज्ञान संशोधन संस्थेतून आलेलं काम याच्या बरोबर उलट स्वभावाचं आहे, आणि गाजावाजा त्याचा कमी झाला. मोहरीच्या बियातला तिखटपणा पेंडीत उतरतो आणि पेंड कोंबड्यांना मानवत नाही, म्हणून बी सौम्य हवं. पण पानाखोडातला तिखटपणा हे झाडाचं शस्त्र. तो गेला तर अळीला मेजवानी. म्हणजे एकाच झाडात दोन परस्परविरोधी गुण: बी गरीब, पान तिखट. त्यांनी तिखट तयार करणाऱ्या कारखान्याला हातच लावला नाही. ते तिखट उचलून बियांत नेऊन टाकणारे जे हमाल असतात, त्यांच्या बारापैकी दहा जनुकांवर कात्री चालवली. कारखाना सुरू, हमाल संपावर. माल पानातच पडून राहिला. ज्या टेबलावर ही युक्ती सुचली, त्यावर बसलेल्या माणसाने कधीतरी मार्केट यार्ड नक्की जवळून पाहिलं असणार.

उसाबद्दल दोन ओळी लिहाव्यात अशी विनंती आमच्या एका कारखानावाल्या मित्राने केली होती. तर, उसात एकेका जनुकाच्या प्रती डझनावारी असतात. फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या कामात एका जनुकाच्या ४९ प्रती हाताळाव्या लागल्या. एका संचालकाला गप्प केलं तरी उरलेले अठ्ठेचाळीस ठराव मंजूर करून मोकळे होतात. मित्राला अधिक समजावून सांगायची गरज पडली नाही.

मामाकडे परत येतो. त्याच्या प्रश्नांचं उत्तर द्यायचं होतं म्हणून मी कमलेची कुंडली काढली. भाताच्या लोंबीत सायटोकायनिन नावाचं एक संप्रेरक असतं. ते दाण्यांना ‘या, या, जागा आहे’ म्हणत असतं. त्याला मोडून टाकणारं एक विकर असतं, बसच्या कंडक्टरसारखं, ‘चला, पुढची गाडी बघा’ म्हणणारं. कमलेत त्या कंडक्टरचं जनुक बंद केलं आहे. लोंबीत दाणे जास्त. हे जनुक जपानी शास्त्रज्ञांनी २००५ सालीच दाखवून दिलं होतं, आणि तेव्हाच त्यांनी त्याच्या जोडीला झाड बुटकं ठेवणारं जनुकही आणलं. का, ते मामाला सांगावं लागलं नाही. ‘लोंब भारी झाली का धान लोळते,’ तो म्हणाला. जपानला जे निबंधात लिहावं लागलं, ते मामाच्या पायजम्याला लागलेल्या चिखलात होतं.

पुसा डीएसटीमधलं जनुक वेगळं. पानावरची बारीक छिद्रं किती आणि कितपत उघडी, यावर त्याचा हुकूम चालतो. ते बंद केलं की पान पाणी कमी सोडतं, झाड दुष्काळ आणि क्षार सोसतं. वेगळ्या शहरातली वेगळी संस्था, वेगळा गुण. पण जनुकाच्या घरात डोकावलं तर हे छिद्रवाले साहेब त्या कंडक्टरचेही वरिष्ठ निघतात; त्याने किती काम करायचं हेही तेच ठरवतात. म्हणजे दिल्ली आणि हैदराबाद यांनी दोन टोकांनी ओढला तो दोरा एकच. कुणी उत्साही मनुष्य उद्या उठून ‘कमलेचे दाणे अधिक डीएसटीचा चिवटपणा, दोन्ही एकाच पिशवीत’ अशी बेरीज करायला लागला, तर ही बेरीज अंकगणितातली नाही, नातेवाइकांतली आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

चीनमध्ये २०१८ साली एका गटाने हेच करून पाहिलं. दाण्यांची संख्या आणि दाण्याचा आकार वाढवणारी, पुस्तकात नावाजलेली दोन जनुकं घेतली आणि भाताच्या पाच वाणांमध्ये तीच कात्री, त्याच ठिकाणी चालवली. काही ठिकाणी उत्पादन वाढलं. काही ठिकाणी चक्क घटलं. कात्री तीच, काप तोच, घर वेगळं. तेच स्थळ एका घरात लक्ष्मी ठरतं आणि दुसऱ्यात कोर्टात जातं, हे आपल्याला नवं नाही. शास्त्रज्ञांना बिचाऱ्यांना त्यासाठी पाच वाणांची लोंबी न् लोंबी मोजावी लागली.

म्हणून कमलेच्या १९ टक्क्यांकडे मी जरा डोळे बारीक करून पाहतो. सरकारी आकड्यांत ती सांबा मसुरीपेक्षा सुमारे वीस दिवस आधी, १३० दिवसांत निघते. आणि डीएसटी समुद्रकाठच्या खाऱ्या जमिनीत ३० टक्के जास्त देते. २०२५ साल संपायच्या आत जीएम, म्हणजे परकं जनुक बसवलेल्या पिकांना विरोध करणाऱ्या संघटनांनी चाचण्यांचेच अहवाल पुढे करून हे आकडे फुगवल्याचा आरोप केला. कृषी संशोधन परिषदेने तो फेटाळला. आता दोन्ही बाजूंचे लोक दूरचित्रवाणीवर एकमेकांना विज्ञान शिकवतात. यातले निम्मे असे आहेत, की ‘आमच्या जेवणात जनुकं नकोत’ म्हणताना समोरच्या ताटातल्या कोशिंबिरीतही जनुकं आहेत हे त्यांच्या गावी नसतं. उरलेले निम्मे असे, की शंका विचारली की ती विचारणारा भुकेल्या देशाचा शत्रू ठरतो. माझं म्हणणं एवढंच, की गावागणिक, हंगामागणिक, कुठल्या बांधीत किती निघालं आणि कुठे काही निघालं नाही, हे सगळं उघड्यावर मांडा. लपवण्यासारखं नसेल तर मांडायला काय जातं? ३० मार्च २०२२ रोजी केंद्राने परकं जनुक नसलेल्या अशा संपादित पिकांना जीएमच्या कडक नियमांतून मोकळं केलं. मला तो निर्णय मुळात चुकीचा वाटत नाही. एक अक्षर उडवणाऱ्याला आणि अख्खा परिच्छेद चिकटवणाऱ्याला एकच शिक्षा असू नये. पण फाटक उघडलं म्हणून बघणाऱ्यांनी डोळे मिटावेत असं कुठल्या अधिसूचनेत आहे?

आणि यादी कोण करतं, हा माझा जुना दुखरा दात. बिनसांध्याचा टोमॅटो यंत्राने मागितला. बिनझणक्याची मोहरी सॅलडवाल्याने मागितली. शेतकऱ्याने काही मागितलंच नाही असंही नाही. कापसाला निंदायला मजूर मिळेना तेव्हा त्याने तणनाशक सोसणारा कापूस मागितला, तो जुन्या पद्धतीचा, परक्या जनुकाचा. परवानगी नव्हती. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने तो उघडपणे लावून दाखवला. चोरून तर तो त्याआधीही लागत होता. पाकिटावर कंपनी नाही, पावती नाही, आणि फसला तर तक्रार कुणाकडे करायची तेही नाही. दोन जनुकांचा बीटी २००६ पासून रीतसर परवानगीने होता. त्याचं पुढे काय झालं हे २०१७ च्या गुलाबी बोंडअळीला विचारा, तिने दोन्ही पचवली होती. मागितलं ते मिळालं नाही, मिळालं ते टिकलं नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी कुणाकडेच काही मागितलं नाही. शिक्षण तिसरी. १९८३ साली पटेल-३ च्या बांधीत त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या. बारीक दाण्याचा जो धान तयार झाला त्याला त्या काळच्या लाडक्या घड्याळाचं नाव मिळालं, एचएमटी. तो विदर्भाबाहेरही पोचला. २०१८ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या नावावर तांदळाचे अनेक वाण होते आणि नावावर फारसं दुसरं काही नव्हतं. त्यांच्याकडे कात्री नव्हती. नजर होती, आणि एकाच बांधीत वर्षानुवर्षं वाकून बघायची सवय होती. पवळ्याला कुठला गुण लागला हे ओळखायला गोठ्यात कुणीतरी झोपलेलं असावं लागतं.

दिवाळीत मी गावी गेलो. मामाने अंगणात खाटेवर बसून तळहातावर लोंबी चुरली, फुंकर मारली, पोचट उडवलं आणि उरलेले दाणे बोटाने बाजूला सारत मोजले. मी त्याला कमलेचं सगळं रामायण सांगितलं. कंडक्टर, छिद्रं, दह्याचं विरजण, कासव. कासवाला त्याने दाद दिली. मग विचारलं, ‘तणस गुरं खातीन का?’ मला ठाऊक नव्हतं. ‘गादमाशीचं काय?’ तेही नाही. ‘आन् भात दुसऱ्या दिवशी खडक होते का मऊ राहते?’ एकाही माहितीपत्रकात शिळ्या भाताचा रकाना नाही.

‘पन वीस दिवस आधी निघते ना,’ मी बाजू लावून धरली. ‘पाणी वाचतं. हरभऱ्याला ओल सापडते.’

मामा बराच वेळ बोलला नाही. तळहातावरचे दाणे त्याने तोंडात टाकले. ‘ते खरं आहे,’ तो म्हणाला. ‘हरभरा होईन. पन समद्या गावाचं धान हिरवं आन् माह्या एकट्याची बांधी पिवळी झाली, का पाच गावचे पोपट माह्याकडंच येतीन. रात्री डुकरं. वीस दिवस राखन कोन करन?’

मला उत्तर सुचेना. आतून मामीचा आवाज आला. ती चुलीपाशी होती, पण पहिल्या फोनपासूनचं सगळं तिच्या ध्यानात होतं.

‘येऊ द्या ना कमलेले,’ ती म्हणाली. ‘पाखरं हाकलाले तिलेच बसवा मचानावर.’